एकसष्ट रिकाम्या पेट्या

मी गाडी चालवतो. फायबरमधलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी धरायला नको. पण अकरा वर्षं मी जोडणीताईची गाडी चालवली आणि जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. नंतर लोकांनी त्याला तिखटमीठ लावून काय काय सांगितलं. कुणी म्हणालं, बाईचं डोकं फिरलं होतं. कुणी म्हणालं, तिला पुढारीपण करायचं होतं. दोन्ही साफ खोटं.

तिला सगळे जोडणीताई म्हणायचे, कारण ती काचा जोडायची. फायबर म्हणजे काचच, केसाएवढी बारीक. जमिनीखालून पाइपातून केबल जाते, काही किलोमीटरवर ती संपते आणि पुढच्या केबलला जोडावी लागते. एका केबलमध्ये चोवीस काचा, कधी अठ्ठेचाळीस. ताई एकेक काच सोलायची, स्पिरिटने पुसायची, टोक सरळ कापायची आणि दोन्ही टोकं यंत्रात समोरासमोर ठेवायची. ठिणगी पडायची आणि दोन काचांची एक व्हायची. हे सगळं गाडीच्या मागच्या भागात, बंद दाराआड, कारण धुळीचा एक कण बसला तरी जोड वाया. तिचं काम चालू असताना मला शिंक आली तर मी पंचवीस पावलं लांब जाऊन शिंकायचं, असा नियम होता. पंचवीस तिने मोजून दिली होती.

तिचे वडील टेलिफोन खात्यात तांब्याच्या तारा जोडायचे. तांब्याचे दिवस संपले तेव्हा त्यांना एका कागदावर आभार मानून घरी पाठवलं. ते वर्षभर खिडकीत बसून समोरच्या खांबाकडे बघत राहिले. त्याच वर्षी ताईने फायबरचा कोर्स लावला. वर्गात एकोणतीस पुरुष आणि ही एकटी. शिकवणारे म्हणाले, "बाई, हे शिवणकाम नाही." ही म्हणाली, "शिवणकामच आहे सर. फक्त टाका दिसला की कपडा फुकट." पुढे ते सरच आपल्या विद्यार्थ्यांना तिचे जोड दाखवायला आणायचे.

या कामावर तिचा जीव होता. डोंगराच्या पायथ्याशी कुलपं बनवणाऱ्यांची एक वस्ती आहे. तिथे लाइन गेली तेव्हा पत्र्याच्या अकरा शेड होत्या. त्या लोकांनी कुलपांचे फोटो काढून दूरदूरच्या दुकानदारांना दाखवायला सुरुवात केली, मागण्या थेट यायला लागल्या, मधला दलाल गेला. तीन वर्षांत शेड चाळीस झाल्या. तिथून जाताना ताई दर वेळी म्हणायची, "काका, जरा हळू घ्या." मी गाडी हळू करायचो. ती काच खाली करून ठोकाठोकीचा आवाज ऐकायची. एकदा म्हणाली, "देशाची वाढ वाढ म्हणतात ना, ती अशी ऐकू येते." ज्याला कामाचं काही सोयरसुतकच नाही त्याला राग कसला येणार? तिला होतं.

तर अशात सरकारची मोठी योजना आली. दोनशे चौदा ठिकाणं जोडायची: लांबची आरोग्य केंद्रं, शाळा, गोदामं. ठेका आमच्या कंपनीला मिळाला. कंपनीच्या ऑफिसात भिंतभर स्क्रीन लावली, तिच्यावर नकाशा, नकाशावर दोनशे चौदा ठिपके. लाल म्हणजे काही झालेलं नाही. पिवळा म्हणजे भिंतीवर पेटी बसली, लाइन यायची आहे. हिरवा म्हणजे जोडलं. हे सगळं बघायला एक साहेब नेमले होते. त्यांना आम्ही हिरवेसाहेब म्हणायचो. माणूस तसा गोड बोलणारा. सकाळी आला की आधी स्क्रीनसमोर उभा राहून हिरवे ठिपके मोजायचा, जसं एखादा आपल्या कोंबड्या मोजतो.

ताईची धाकटी बहीण नर्स होती. डोंगरावर दगडाच्या खाणीजवळ दोन खोल्यांचं आरोग्य केंद्र आहे, तिथे. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा, बाकी सहा दिवस धाकटीच डॉक्टर, धाकटीच कंपाउंडर आणि धाकटीच झाडूवाली. तिथे मोबाइलला रेंज नाही. केंद्राच्या मागे पाण्याची टाकी आहे, तिच्या शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर उभं राहिलं तर दोन रेघा मिळतात. योजनेतून तिला ईसीजीचं छान यंत्र दिलं होतं. पेशंटच्या छातीला तारा लावायच्या, बटण दाबायचं, शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांना आलेख दिसणार, ते लगेच सांगणार कोणतं इंजेक्शन द्यायचं. इंजेक्शनही कपाटात होतं. फक्त लाइन नव्हती. भिंतीवर पांढरी पेटी बसून आठ महिने झाले होते. धाकटी विचारायची, "ताई, माझा नंबर कधी?" ताई सांगायची, "पिवळ्यात आहेस. येईल."

खाणीत एक दगड फोडणारा होता. अंगाने दांडगा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. एका सकाळी अकराच्या सुमाराला दोघांनी त्याला धरून केंद्रात आणलं. घामाने चिंब, डावा हात दाबून धरलेला. धाकटीने आलेख काढला. तिला बघताक्षणी समजलं की हे हृदयाचं आहे. पण ते इंजेक्शन डॉक्टरने आलेख बघून हो म्हटल्याशिवाय द्यायचं नसतं. चुकीच्या माणसाला दिलं तर मेंदूत रक्त उतरतं. तिने बटण दाबलं. यंत्र म्हणालं, जोडणी उपलब्ध नाही.

ती टाकीच्या शिडीवर चढली. एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने फोटो पाठवायला लागली. चार वेळा अर्ध्यात अडकला. पाचव्यांदा गेला. उत्तर यायला वेळ लागला, ते आलं तेव्हा ती खाली पेशंटजवळ होती, मग परत वर. इंजेक्शन दिलं तोवर दोन तास चाळीस मिनिटं गेली होती. पैलवान जगला. पण हृदयाचा अर्धा भाग कामातून गेला. ज्या माणसाने वीस वर्षं घण चालवला तो आता घराच्या चार पायऱ्या चढून दारात बसतो आणि श्वास परत यायची वाट बघतो.

धाकटीने हे ताईला त्याच रविवारी सांगितलं. सोमवारी सकाळी आम्ही ऑफिसात. मी ताईच्या मागे उभा होतो, गाडीच्या किल्ल्या घ्यायला.

"साहेब, खाणीजवळच्या केंद्राची लाइन कधी घ्यायची?" ताईने विचारलं. "केबल खालच्या रस्त्यापर्यंत आलीय. वर न्यायला चार दिवस लागतील. मी सुट्टीच्या दिवशी करते."

हिरवेसाहेबांनी समोरच्या कॉम्प्युटरवर बघितलं. "अहो, ते तर हिरवं आहे."

"कसं असेल? तिथे लाइनच नाही."

"आहे ना. चाचणीचा कागद आहे. तुमचीच सही आहे, हे बघा."

त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. चाचणीचा आलेख, तारीख आणि खाली ताईची सही. ती सही मला ओळखू आली. नोकरीला लागताना कंपनीने टॅबवर बोटाने करून घेतली होती, शेवटचं अक्षर बाहेर घसरलेलं. तीच, जशीच्या तशी चिकटवलेली.

ताईने त्या घसरलेल्या अक्षरावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "ही सही मी इथे केलेली नाही."

"बसा," हिरवेसाहेब म्हणाले आणि उठून दार लावून घेतलं. मला बाहेर जा म्हणाले नाहीत. ड्रायव्हर म्हणजे खुर्चीसारखाच असतो ना. "ताई, तुम्ही कामाचं माणूस आहात म्हणून मोकळं बोलतो. दोनशे चौदा जोडले असं वर कळवून झालंय. वरून त्याच्या वर कळवून झालंय. देशाच्या वाढीचा अहवाल निघतोय. इतकी केंद्रं जोडली म्हणून इतकं उत्पादन वाढलं, इतके टक्के वाढ झाली, सगळं त्यात छापून येणार. आता आपण काही लाल केलं तर तो आकडा कोसळणार. पुढचा टप्पा थांबेल. मग उरलेली केंद्रं कधीच जोडली जाणार नाहीत. तुम्हाला ते हवंय का? वर्षअखेरीपर्यंत गुपचूप करून टाकू."

"उरलेली म्हणजे किती?"

"थोडी आहेत."

"किती, साहेब?"

"साठेक."

"माझ्या सहीने?"

त्यांनी पेन उचललं, परत ठेवलं. "सगळ्यांचाच विचार करावा लागतो."

गाडीत बसल्यावर ताई म्हणाली, "काका, तो पैलवान त्या स्क्रीनवर बरा आहे." एवढंच. मग दिवसभर तिने मान खाली घालून काम केलं, आणि संध्याकाळी यंत्राचं झाकण इतक्या जोरात लावलं की बिजागरी वाकली. अकरा वर्षांत त्या यंत्रावर तिने फुंकरसुद्धा जोरात घातली नव्हती.

पुढचे दोन रविवार आम्ही माझ्या मेहुण्याच्या जीपने फिरलो. नऊ ठिकाणं बघितली. चार केंद्रं, पाच शाळा. सगळीकडे भिंतीवर तीच पांढरी पेटी, दोन स्क्रू. ताई स्क्रू काढायची, झाकण उघडायची, आतला फोटो काढायची, झाकण लावायची. आत काहीही नव्हतं. एका शाळेतल्या पेटीत पालीने अंडी घातली होती. तिथल्या बाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं आमच्याच कॉम्प्युटरचा दोष आहे. आम्ही दोनदा दुरुस्तीला नेला."

ताईने तक्रार टाकली. त्यासाठी सरकारचं पोर्टल आहे, तिथे फोटो जोडायची सोय आहे, सगळं व्यवस्थित. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: सदर ठिकाण जोडलेले असल्याचे प्रणालीत दिसत असल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे. नऊच्या नऊ तक्रारींना तेच उत्तर. माणसाने वाचलंच नव्हतं. हिरव्या ठिपक्याने स्वतःच स्वतःला निर्दोष सोडलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातला प्रकार.

मग अहवालाच्या प्रकाशनाची तारीख ठरली. शहरात मोठं सभागृह, सहाशे माणसं, वरचे मोठे पाहुणे. कार्यक्रमात त्यांनी एका दूरच्या केंद्राशी थेट बोलायचं होतं, म्हणजे बघणाऱ्यांना वाटावं की बघा, कुठवर पोचलो. आणि केंद्र कुठलं निवडलं? खाणीजवळचं. डोंगर मागे छान दिसतो म्हणून. नर्स आणि तंत्रज्ञ सख्ख्या बहिणी आहेत, हे तर त्यांना फारच आवडलं. अहवालाच्या मुखपृष्ठावर ताईचा फोटो घेतला होता. खाली ओळ होती: एका स्त्रीच्या हातांनी जोडलेली दोनशे चौदा स्वप्नं.

आदल्या दिवशी हिरवेसाहेब छत्रीवाली गाडी घेऊन डोंगरावर आले. छतावर आकाशाकडे तोंड केलेली मोठी छत्री, तिच्यातून इंटरनेट मिळतं. गाडी केंद्राच्या मागे, टाकीच्या आडोशाला उभी केली. ताईला सांगितलं की गाडीतून वायर काढायची, मागच्या खिडकीतून आत घ्यायची आणि पेटीच्या मागून अशी आणायची की पेटीतूनच आल्यासारखी दिसेल.

मला वाटलं, आता ही वायर तोंडावर फेकून मारणार. तिने मुकाट्याने वायर ओढली. खिडकीच्या चौकटीला टेप लावली, पेटीच्या मागून आणली, कोपऱ्यात वळवून कॉम्प्युटरला जोडली. काम असं देखणं केलं की हिरवेसाहेब म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला सांगितलं." धाकटी भांड्यात कात्र्या-चिमटे उकळत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही. परतताना मी गाडीत म्हणालो, "ताई, हे बरं नाही केलं." ती म्हणाली, "काका, उद्या स्क्रूड्रायव्हर माझ्या बॅगेत आहे ना, याची आठवण करा." मी समजलो नाही. ड्रायव्हर माणूस, मला वाटलं हत्यारांचीच काळजी.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला सभागृहाशी संपर्क लागला. दोन्ही बहिणी खुर्च्यांवर, मी दाराशी, हिरवेसाहेब कॅमेऱ्याच्या मागे हाताने खाणाखुणा करत. खिडकीबाहेर खाणीतली पंधरा-वीस माणसं. कॉम्प्युटरवर सभागृह दिसत होतं. पाहुणे आधी धाकटीशी बोलले. ती लिहून दिलेलं बोलली, खालमानेने. तिची नोकरी त्याच खात्यात, तिला मी दोष देत नाही. मग पाहुणे म्हणाले, "आणि या आमच्या जोडणीताई. ताई, देशाच्या प्रगतीला एवढा हातभार लावलात, कसं वाटतंय?"

ताई उठली. "दाखवते," म्हणाली. पदर खोचला, भिंतीपाशी गेली, दोन स्क्रू काढले आणि झाकण हातात घेऊन कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाली.

"ही पेटी रिकामी आहे, साहेब. गेले दहा महिने रिकामी आहे. तुम्ही माझ्याशी बोलताय ते बाहेर उभ्या केलेल्या गाडीतून. ही वायर त्या गाडीची, मीच काल ओढलीय. संध्याकाळी गाडी जाईल. या पेटीत काच असती तर इथला एक माणूस आज घण मारत असता. अशा साठएक पेट्या आहेत आणि त्यांच्या कागदांवर माझी सही चिकटवलीय. मी ती केलेली नाही. माझ्या हाताने जोडलेली ठिकाणं दीडशेच्या आसपास आहेत, ती कधीही येऊन बघा, दिवा लागलेला दिसेल. बाकीची…"

इथे स्क्रीन काळी झाली. हिरवेसाहेबांनी वायर उपटली होती, तिने एवढ्या निगुतीने लावलेली, टेपसकट. खिडकीबाहेरून एक म्हातारा म्हणाला, "बंद का केलं? बोलू द्या तिला." हिरवेसाहेबांनी खिडकी लावून घेतली. काचेची खिडकी, सगळे दिसतच होते.

पेपरात दुसऱ्या दिवशी आलं की तांत्रिक अडचणीमुळे संवाद अर्धवट राहिला.

आठव्या दिवशी कंपनीने तिचं यंत्र परत मागितलं. बाराव्या दिवशी नोटीस आली, आणि इथे मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोटिशीत लिहिलं होतं की एकसष्ट ठिकाणी प्रत्यक्ष काम न करता खोट्या चाचणी अहवालांवर सही केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये. म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. आकडाही त्यांनीच पहिल्यांदा सांगितला: एकसष्ट. आम्हाला तोवर नक्की माहीत नव्हता. धाकटीची बदली झाली ती वेगळीच.

ताई घरी होती. मी गेलो तर ती जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलेली. नोटिशीबरोबर पुरावा म्हणून एकसष्ट चाचण्यांच्या प्रती जोडल्या होत्या. कायद्याने द्याव्या लागतात, म्हणून दिल्या. कोण वाचणार, असं वाटलं असेल त्यांना.

"काका, इकडे या," ती म्हणाली. "हे बघून काय दिसतं?"

मला एक रेघ दिसली, डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी. टेस्टर काचेतून प्रकाश सोडतो आणि तो कुठे किती कमी झाला त्याची अशी रेघ काढतो. मधे एके ठिकाणी छोटी पायरी होती.

"आता हे बघा." दुसरा कागद. तीच रेघ. तिसरा, तीच. "लांबी सात हजार चारशे बारा मीटर. सगळीकडे. एकसष्ट गावं, आणि सगळी एकाच अंतरावर, मीटरसुद्धा इकडे-तिकडे नाही. आणि ही पायरी बघा, तीन हजार एकशे ऐंशीवर. ही कोणाची आहे माहितीय?"

"कोणाची?"

"माझी." ती हसली, पण ते हसू बघवेना. "कुलपवाल्यांच्या लाइनीवर, रस्त्याखालच्या मोरीजवळ. वारा सुटला होता, दार नीट लागलं नव्हतं. जोड थोडा बिघडला. चालण्यासारखा होता, अंधार पडत होता, मी तसाच सोडला. पाच वर्षं मला ती पायरी सलते. यांनी तीच लाइन उचलली आणि एकसष्ट वेळा छापली."

चौकशी तीन दिवस चालली. चौकशी अधिकारी एक बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवून वाचणाऱ्या. कंपनीचा वकील म्हणाला की सही बाईंचीच आहे, हे त्याही नाकारत नाहीत. माझी साक्ष झाली. मी सांगितलं, कागदांवरच्या तारखांना त्या एकसष्ट ठिकाणी माझी गाडी गेलीच नाही. आमच्या गाडीत कंपनीनेच एक यंत्र बसवलं होतं, मी कुठे चहाला किती वेळ थांबतो हे बघायला. मी म्हणालो, त्यातून काढा. वकील म्हणाला, ती माहिती नव्वद दिवसांनी पुसली जाते. मी म्हणालो, "माझा चहा मात्र तुम्ही मागच्या वर्षीपर्यंतचा काढला होता, पगारवाढीच्या वेळी." अधिकारी बाईंनी ते लिहून घेतलं.

मग ताई बोलली. एकसष्ट कागद तिने लांब टेबलावर ओळीने मांडले. लांबी दाखवली, पायरी दाखवली. अधिकारी बाईंनी विचारलं, "दोन लाइनींत अशी सारखी पायरी येऊ शकत नाही का?"

"नाही, मॅडम. दोन माणसांची एकच जखम असू शकत नाही. आणि हा जोड वाईट आहे. मी केलेला वाईट जोड आहे. मोरीजवळ जाऊन उघडा, मोजा. बरोबर तीन हजार एकशे ऐंशीवर सापडेल."

"म्हणजे तुम्ही सदोष काम केल्याचं कबूल करता?" वकील पटकन म्हणाला.

"करते," ताई म्हणाली. "एक. तुम्ही तुमचे एकसष्ट कबूल करा."

त्यांनी मोरीजवळ खणून जोड उघडला. मोजला. सापडला.

निकालाला सात महिने लागले. ताई निर्दोष सुटली. हिरवेसाहेबांवर कठोर ताशेरे ओढले गेले, ते ताशेरे घेऊन ते दुसऱ्या कंपनीत आणखी वरच्या जागेवर गेले. कंपनीला ठेक्यातून काढलं. त्याच मालकांनी नवीन नावाने कंपनी काढली, पाटीचा रंगसुद्धा तोच ठेवला. एकसष्ट ठिपके लाल झाले, आणि उरलेलं काम दुसऱ्या एका ठेकेदाराला मिळालं. त्याच्याकडे चांगले जोडणीवाले नव्हते. तो ताईच्या दारात आला. तिने एकच अट घातली: खाणीजवळचं केंद्र पहिलं, आणि गाडी काकांची.

चार दिवसांचं काम होतं, तिने सांगितलं होतं तसंच. पाचव्या दिवशी दुपारी पेटीतला दिवा लागला. नवीन नर्सने ईसीजी लावून बघितला, माझ्याच छातीवर. शहरातल्या डॉक्टरांचं उत्तर दोन मिनिटांत आलं: आलेख ठीक, पेशंटने वजन कमी करावं. नर्स खो खो हसली. ताई हसली नाही.

तिथून ती सरळ पैलवानाच्या घरी गेली. तो दारात बसला होता. त्याच्या बायकोने पाणी आणलं. ताई म्हणाली, "लाइन लागली आज."

पैलवानाने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाला, "किती दिवस लागले जोडायला?"

"चार."

"चार." तो दम घ्यायला थांबला. "मग तेव्हा का नाही जोडली?"

ताईने पाणी संपवलं. उत्तर होतं, पण स्क्रीनवरचा रंग जाईल म्हणून, असं एखाद्याला त्याच्या दारात बसून कसं सांगायचं? पैलवानाची बायको म्हणाली, "तिला काय विचारता? ती तर भांडली." पैलवान म्हणाला, "मग कोणाला विचारू? दुसरं कोणी आलंय का इथे?" ताई रिकामा पेला हातात धरून बसून राहिली. आम्ही निघालो तेव्हा तो उठून उभा राहायला लागला, आणि तिने त्याला हाताने खाली बसवलं.

एकसष्ट पेट्या भरायला सव्वा वर्ष लागलं. पालीची अंडी निघालेल्या शाळेत आता मुली समोरच्या पडद्यावर शहरातल्या बाईंकडून गणित शिकतात आणि त्यांना उलटे प्रश्न विचारून हैराण करतात. खाणीच्या पलीकडे दगडाच्या फरशा कापणाऱ्या बायकांनी गट केला. त्यांचा माल थेट बंदरावर जातो, आणि दारातली गाडी भरली की त्या मालकिणीसारख्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. वाढ झाली. जी काच खरी होती तिच्यातून खरी वाढ झाली. ते कुणी नाकारत नाही, ताई तर मुळीच नाही.

गेल्या महिन्यात या वर्षीचा अहवाल आला. धाकटीने पाठवला. ती आता शहराजवळच्या केंद्रात असते. आतल्या पानावर छापलंय: या वर्षी आणखी एकसष्ट ठिकाणं नव्याने जोडून आपण एकूण दोनशे पंचाहत्तरवर पोचलो. ताईने ते दोनदा वाचलं. दोनशे चौदात ती एकसष्ट आधीच होती. तीच पेटी रिकामी असताना एकदा मोजली आणि भरल्यावर पुन्हा मोजली. एका पैलवानाचं हृदय मात्र दोन्ही वेळा मोजलं नाही.

तिने सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं, सोबत एकसष्ट ठिकाणांची यादी आणि चौकशीच्या निकालाची प्रत. उत्तर आलं: आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. तिने दुसरं पत्र लिहिलं की ही सूचना नाही, चूक आहे. त्यालाही तेच उत्तर आलं, फक्त तारीख वेगळी.

तिसरं पत्र काल मीच टाकून आलो. पोचपावती घेऊन या, असं तिने बजावलं होतं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, साध्या पत्राला पावती मिळत नाही. मी म्हणालो, मग महागातलं करा. पावती मिळेपर्यंत मी तिथून हललो नाही.